डिस्टोनियासाठी डीबीएस : आधी काय विचारायचं, नंतर काय धरून चालायचं

ओंजळ

'डिस्टोनियासाठी डीबीएस करावं का?' असं विचारणारे व्यनि (व्यक्तिगत निरोप) हल्ली वरचेवर येतात. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आकुंचन पावून शरीराचा भाग वळतो किंवा पिळवटतो असा आजार, आणि डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत बारीक तारा बसवून सूक्ष्म विद्युतप्रवाह देण्याचा उपचार. प्रत्येकाला निराळं उत्तर देताना काही ना काही राहून जातं, म्हणून हा धागा काढते आहे. मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. माझा डिस्टोनिया लहानपणी एका पायात सुरू झाला, पुढे कंबर, पाठ, मान असा चढत गेला. मोठेपणी माझ्यावर डीबीएसची शस्त्रक्रिया झाली आणि मला तिचा खूप फायदा झाला. आता चालता येतं, खुर्चीत बसून जेवता येतं, रात्री झोप लागते. तरीही शस्त्रक्रियेआधी सांगायलाच हव्यात अशा कितीतरी गोष्टी बहुतेक कुटुंबांपर्यंत पोचत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या अर्ध्या तासात सांगून होण्यासारख्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. डिस्टोनियात डीबीएसचा परिणाम हळूहळू येतो. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुधा कंपवाताचे असतात, बटण दाबलं की हाताची थरथर थांबली असे. आपल्या आजारात तसं होत नाही. झटके आणि जलद हालचाली काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी व्हायला लागतात. पण एका बाजूला वळलेली मान, पिळवटलेली पाठ, आत गेलेलं पाऊल यांना महिने लागतात. पूर्ण परिणाम कळायला वर्षभर तरी धरून चाला, काहींना त्याहूनही जास्त वेळ लागतो. हे माहीत नसलं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घरातले सगळे खचतात आणि 'ऑपरेशन फसलं' अशी समजूत करून घेतात.

त्यात आणखी एक चकवा आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच, यंत्र सुरू करण्याच्याही आधी, काहींना एकदम बरं वाटतं. इलेक्ट्रोड घालताना त्या जागेला जो किंचित धक्का बसतो, थोडी सूज येते, त्याचा तो परिणाम असतो. सूज ओसरली की लक्षणं परत येतात. याला घाबरू नका. खरं काम त्यानंतर, प्रोग्रॅमिंगपासून, म्हणजे यंत्राचा विद्युतप्रवाह रुग्णानुसार जुळवण्यापासून सुरू होतं.

आता यंत्राबद्दल. मेंदूत खोलवर ग्लोबस पॅलिडस इंटर्ना नावाचा भाग आहे, डॉक्टर त्याला जीपीआय म्हणतात. डिस्टोनियात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या जीपीआयमध्ये एकेक बारीक लीड, म्हणजे इलेक्ट्रोडची तार, बसवतात. ती साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते आणि टोकाशी चार किंवा जास्त संपर्कबिंदू असतात. तिथून तार कातडीखालून कानामागून मानेतून उतरते आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीच्या यंत्राला जोडतात. यंत्र सेकंदाला बऱ्याचदा १३० च्या आसपास सूक्ष्म विद्युतस्पंद पाठवत राहतं. काही ठिकाणी जीपीआयऐवजी सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा भाग निवडतात. आजार यानं बरा होत नाही. यंत्र बंद झालं की लक्षणं परत येतात, कुणाची काही तासांत तर कुणाची काही दिवसांत.

'मला जागं ठेवून डोक्याला भोक पाडणार का?' हा प्रश्न हमखास येतो. कंपवातात बऱ्याचदा रुग्णाला जागं ठेवतात. डिस्टोनियात शरीर स्थिर राहतच नाही, म्हणून अनेक केंद्रांत पूर्ण भूल देऊनच करतात आणि जागा एमआरआयवरून व मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंकेत ऐकून पक्की करतात.

हा प्रयोग राहिलेला नाही, हेही लिहायला हवं. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या फिलिप कूब यांच्या चमूनं १९९० च्या दशकात डिस्टोनियाच्या मुलांवर हे सुरू केलं आणि २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत २००३ साली ७ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी विशेष सवलतीखाली परवानगी मिळाली.

तुमचे प्रश्न विचारा. मला माहीत आहे तेवढं लिहीन, आणि इथे आणखीही जाणकार आहेत.

रानवारा

ओंजळताई, अगदी वेळेवर धागा आला. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आधी फक्त पळताना पाय आत वळायचा, आता उभं राहतानाही वळतो आणि हातही लिहिताना आखडतो. जनुकीय तपासणीचा अहवाल यायचा आहे. एक डॉक्टर म्हणतात लवकर करा, दुसरे म्हणतात मोठी होऊ दे. आम्ही दोघंही गोंधळून गेलो आहोत. जनुकावरून खरंच इतका फरक पडतो का?

ओंजळ

रानवारा, फरक पडतो, आणि खूप पडतो.

पायापासून लहानपणी सुरू होणाऱ्या डिस्टोनियात डीवायटी१ हा प्रकार वारंवार सापडतो. टीओआर१ए या जनुकातला एक छोटा तुकडा गळलेला असतो. १९९७ साली तो शोधला गेला. हा दोष असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही, साधारण दहांतल्या तिघांनाच होतो. त्यामुळे 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' एवढ्यावरून तो नाही असं ठरत नाही. डीवायटी१ मध्ये डीबीएसचा परिणाम सहसा फार चांगला येतो. केएमटी२बी या जनुकातल्या दोषातही बऱ्याच मुलांना चांगला फायदा झालेला आहे. स्नायूंचे झटके आणि डिस्टोनिया एकत्र असणारा एसजीसीई जनुकाचा प्रकारही चांगला प्रतिसाद देतो. टीएचएपी१ म्हणजे डीवायटी६ मध्ये फायदा होतो, पण तो कमी भरवशाचा असतो, आणि तिथे बोलण्याचा त्रास असला तर तो बऱ्याचदा तसाच राहतो.

लवकर करण्याच्या बाजूनं सगळ्यात भक्कम मुद्दा सांध्यांचा आहे. स्नायू वर्षानुवर्षं ओढलेले राहिले की सांधे आणि कणा कायमचे आखडतात. मेंदूकडून येणारा चुकीचा आदेश डीबीएस शांत करू शकतं, पण आखडून घट्ट झालेला सांधा ते सोडवू शकत नाही. आजाराचा काळ जितका कमी तितका निकाल बरा, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वाट पाहायची असेल तर फिजिओ आणि मणक्याची नियमित तपासणी चालू ठेवूनच पाहा.

पण शस्त्रक्रियेआधी दोन गोष्टी झाल्यात ना, हे तुम्ही स्वतः विचाराच. एक, लेव्होडोपा देऊन काही आठवडे पाहिलं आहे का? लहान मुलांत डिस्टोनियाचा एक प्रकार या गोळीनं, तोही अगदी कमी मात्रेत, जवळजवळ पूर्ण आटोक्यात येतो. सकाळी मूल बरं असतं आणि संध्याकाळी त्रास वाढतो, ही त्याची एक खूण आहे, पण प्रत्येकात ती दिसतेच असं नाही. दुसरं, विल्सनचा आजार नाही ना, हे पाहिलं आहे का? त्यात शरीरात तांबं साठत जातं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची तपासणी यावरून ते कळतं आणि त्यावर औषध आहे. हे दोन्ही सुटून थेट मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाणं हा मुलावर अन्याय आहे.

रानवारा

लेव्होडोपा दिलं होतं, फरक पडला नाही. विल्सनबद्दल कुणी काही बोललं नाही. उद्याच विचारतो. मनापासून आभार.

सांजपक्षी

माझा फक्त मानेचा आहे. मान डावीकडे वळते आणि मागे खेचली जाते. दर तीन महिन्यांनी बोटुलिनमची, म्हणजे आखडलेला स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं घेतो, त्यावर माझं काम, गाडी चालवणं, सगळं चालू आहे. ओळखीतले लोक 'एकदाचं डीबीएस करून मोकळा हो' म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याचं इंजेक्शनवर भागतंय त्यानं डोकं उघडून का घ्यावं?

ओंजळ

घेऊ नये, असंच माझंही मत आहे. एका भागापुरत्या डिस्टोनियात बोटुलिनम हाच पहिला उपाय आहे. मानेसाठी डीबीएसचा विचार तेव्हा होतो, जेव्हा योग्य स्नायूंत, योग्य मात्रेत, जाणत्या हातानं इंजेक्शनं देऊनही फायदा होत नाही किंवा होता तो ओसरतो. त्यातही आधी इंजेक्शन देणारा बदलून किंवा अल्ट्रासाउंड किंवा ईएमजीच्या (स्नायूंचे विद्युतसंकेत टिपणाऱ्या तपासणीच्या) मदतीनं देऊन पाहावं. खोलवरचा एखादा स्नायू सुटलेला असतो आणि दोष औषधावर जातो.

'एकदाचं मोकळं' हा शब्दप्रयोगही डीबीएसला लागू नाही. यंत्र आयुष्यभर सांभाळावं लागतं.

निळाई

सांजपक्षी, तुमचं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही इथे असू दे. माझ्याही मानेचाच होता. इंजेक्शनं आधी लागू पडली, मग पडेनाशी झाली. वेदना इतक्या की हनुवटीला हात लावून धरल्याशिवाय समोर पाहता येत नव्हतं. डीबीएसनंतर सगळ्यात आधी वेदना कमी झाली, मान सरळ व्हायला पुढे बरेच महिने लागले. पूर्ण सरळ आजही नाही. पण दुखत नाही, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

मानेच्या डिस्टोनियावर २०१४ साली एक मोठा अभ्यास आला, ६२ रुग्णांचा. सगळ्यांना यंत्र बसवलं, पण निम्म्यांचं पहिले तीन महिने नुसतंच सुरू असल्यासारखं ठेवलं. ज्यांचं खरं सुरू होतं त्यांच्यात सुधारणा स्पष्टपणे जास्त होती. त्यामुळे हा केवळ मनाचा समज म्हणता येणार नाही.

काटेकोर

टक्केवारीबद्दल एक विचारतो. सगळीकडे '५० टक्के सुधारणा' असं वाचतो. पन्नास टक्के म्हणजे नक्की काय? अर्धे लोक बरे होतात, की प्रत्येक जण अर्धा बरा होतो?

ओंजळ

दोन्ही नाही, आणि हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा.

सर्वांगाच्या डिस्टोनियासाठी बर्क-फान-मार्सडेन नावाची मोजपट्टी वापरतात. डोळे, तोंड, बोलणं-गिळणं, मान, धड, हात, पाय यांना गुण देतात. जास्तीत जास्त १२० गुण, आणि गुण जितके जास्त तितका आजार गंभीर. २००५ साली फ्रान्समधल्या २२ रुग्णांच्या अभ्यासात हे गुण सरासरी ४६ वरून वर्षभरात २१ वर आले. तीच ती पन्नास टक्क्यांच्या आसपासची सुधारणा. २००६ साली जर्मनीच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासात ४० रुग्ण होते. तीन महिन्यांनंतर यंत्र खरं सुरू असलेल्यांत सरासरी ३९ टक्के सुधारणा दिसली, तर नुसतं बसवून बंद ठेवलेल्यांत ५ टक्के. याच रुग्णांना पाच वर्षं पाहिलं तेव्हा फायदा टिकून होता.

पण सरासरीच्या पोटात सगळं दडतं. कुणी ८०-९० टक्के सुधारतो, कुणाला जेमतेम २० टक्के फायदा होतो. शिवाय गुण कमी होणं आणि आयुष्य सोपं होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पायाचे गुण खूप कमी झाले, पण ज्याला बोलताच येत नव्हतं त्याचं बोलणं तसंच राहिलं, तर त्याला काय मिळालं? म्हणून आपली तीन-चार ठोस उद्दिष्टं लिहून डॉक्टरांपुढे ठेवा: स्वतःच्या हातानं जेवणं, वेदना कमी होणं, पाठीवर झोपता येणं, असं काहीही. 'यातलं काय मिळण्यासारखं आहे आणि काय नाही?' असं स्पष्ट विचारा. बोलणं आणि गिळणं यांच्या बाबतीत अपेक्षा कमीच ठेवा. हातापायांच्या मानानं ते डीबीएसला कमी दाद देतात.

सावली

माझा मुलगा आता तरुण आहे, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्यामुळे सेरेब्रल पाल्सी झाली आणि त्यात तीव्र डिस्टोनिया. आम्हाला 'अशा मुलांना उपयोग होत नाही' असं सांगून परत पाठवलं. एकदा आशा दाखवायची, मग दार बंद करायचं. इथे कुणाला या बाबतीत माहिती आहे का?

निळाई

सावलीताई, 'उपयोग होत नाही' हे सरसकट खरं नाही. पण जनुकीय डिस्टोनियाइतका होत नाही, हे खरं आहे. २००९ साली सेरेब्रल पाल्सीच्या १३ प्रौढ रुग्णांवर फ्रान्समध्ये अभ्यास झाला होता. वर्षभरानं सरासरी साधारण २४ टक्के सुधारणा दिसली, आणि ती माणसागणिक फार वेगवेगळी होती. एमआरआयमध्ये मेंदूच्या गाभ्याच्या भागांना किती इजा झाली आहे, सांधे किती आखडलेत, ताठरपणात खरा डिस्टोनिया किती आणि स्पॅस्टिसिटी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंत येणारा वेगळ्या प्रकारचा ताठरपणा) किती, यावर बरंच अवलंबून असतं. स्पॅस्टिसिटीवर डीबीएस चालत नाही. तिथे पोटात बसवलेल्या पंपातून बॅक्लोफेन पाठीच्या कण्यात सोडण्याचा पर्याय विचारता येतो.

ओंजळ

निळाईनं लिहिलंय त्यात एवढीच भर. अशा वेळी उद्दिष्ट चालणं हे नसतं. खुर्चीत नीट बसता येणं, झोप लागणं, कपडे बदलताना मुलाला न दुखणं आणि सांभाळणाऱ्याच्या पाठीवरचा भार हलका होणं, यासाठी कुटुंबं निर्णय घेतात. ही उद्दिष्टं लहान नाहीत. दुसरं मत नक्की घ्या, आणि ते लहान मुलांच्या व तरुणांच्या हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्या केंद्राचं घ्या.

आणखी एक गट राहिला. मनोविकारांची किंवा उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइडसारखी औषधं दीर्घकाळ घेतल्यावर जो डिस्टोनिया मागे राहतो, त्याला टार्डिव्ह म्हणतात. त्यात डीबीएसचा परिणाम चांगला येतो आणि बऱ्याचदा लवकर येतो. 'हा औषधांमुळे झालाय, मग शस्त्रक्रियेचा काय उपयोग' असं समजून हे रुग्ण मागे राहतात.

मंजिरी_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या धाग्यावर एक गोष्ट मोठ्या अक्षरात असायला हवी, म्हणून लिहिते.

डीबीएस बसवलेल्या माणसाला डायथर्मी, म्हणजे यंत्राच्या लहरींनी आतून दिलेला शेक, कधीही द्यायची नाही. शॉर्टवेव्ह नाही, मायक्रोवेव्ह नाही, उपचाराचं अल्ट्रासाउंडही नाही. गुडघा दुखत असला तरी नाही, घोटा मुरगळला तरी नाही, यंत्र बंद करूनही नाही. ही ऊर्जा तारेतून मेंदूतल्या टोकापर्यंत जाऊन तिथला भाग जाळू शकते. असं होऊन रुग्णांना मेंदूची कायमची गंभीर इजा झालेली आहे. हा धोका सगळ्या उत्पादकांच्या सूचनांत ठळकपणे दिलेला असतो, पण पाठ दुखते म्हणून माझ्यासारखीकडे येणारा रुग्ण 'मेंदूत यंत्र आहे' हे सांगेलच असं नाही. कारण त्याच्या मते पाठीचा आणि डोक्याचा संबंध काय!

तपासणीची सोनोग्राफी वेगळी, ती चालते. साधा गरम शेक चालतो, फक्त यंत्रावर थेट नको. विजेची इतर उपकरणं, टेन्स वगैरे, न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नकोत. आणि मान मोडून घेणं, मानेला झटका देणारे उपचार पूर्ण टाळा. तार मानेतूनच जाते.

फिजिओची गरज शस्त्रक्रियेनंतर संपत नाही, वाढते. वर्षानुवर्षं वाकडं वापरलेलं शरीर सरळ वापरायला शिकावं लागतं. ज्या स्नायूंनी कधी काम केलं नाही ते अशक्त असतात. प्रोग्रॅमिंग आणि व्यायाम हातात हात घालून चालले तर फरक डोळ्यांना दिसतो.

ओंजळ

मंजिरीताई, खूप खूप आभार. हा प्रतिसाद प्रत्येकानं जपून ठेवावा.

उंबरठा

बॅटरीबद्दल मला लिहायचंच आहे. माझ्या पत्नीला डीबीएस होऊन काही वर्षं झाली होती आणि ती इतकी सुधारली होती की आम्ही तपासणीला जाणं लांबवत गेलो. आमच्या केंद्रानं बॅटरी कधी संपेल याबद्दल काही आठवण दिली नाही. एके दिवशी तिचं सगळं अंग पुन्हा आखडायला लागलं. रात्रीपर्यंत हालचाली थांबेनात, ताप चढला, लघवीचा रंग काळपट झाला. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. स्टेटस डिस्टोनिकस हे नाव आम्ही तिथे पहिल्यांदा ऐकलं. बॅटरी बदलल्यावर ती सावरली. पण ते दिवस कुणावर येऊ नयेत.

ओंजळ

उंबरठा, हे लिहिलंत त्याबद्दल कृतज्ञ आहे. वहिनी सावरल्या हे वाचून बरं वाटलं.

स्टेटस डिस्टोनिकस ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. स्नायू न थांबता आकुंचन पावत राहतात, ताप येतो, स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. डीबीएस असलेल्या माणसाची लक्षणं अचानक वाढली की पहिली शंका यंत्राची घ्यायची: बॅटरी संपली का, यंत्र बंद पडलं का, तार तुटली का. घरी रुग्णाचा हँडसेट असतो, त्यावर यंत्र सुरू आहे की नाही आणि बॅटरी किती आहे हे पाहायला घरातल्या प्रत्येकानं शिकून ठेवावं. ताप, काळपट लघवी किंवा श्वासाला त्रास दिसला तर 'सकाळी पाहू' म्हणायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

डिस्टोनियात कंपवातापेक्षा बऱ्याचदा जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे चार्ज न होणारी बॅटरी लवकर संपते. ती सेटिंगनुसार दोन ते पाच वर्षांत बदलावी लागू शकते, आणि दर वेळी छोटी का होईना, शस्त्रक्रिया असते. दर बदलाबरोबर जंतुसंसर्गाचा धोकाही येतो. चार्ज होणारी बॅटरी बरीच जास्त वर्षं टिकते, पण तिला नियमानं चार्ज करायला लागतं. मुलांसाठी आणि तरुणांसाठी बहुतेक वेळा तीच सोयीची पडते. ज्याला स्वतःला चार्जर लावता येणार नाही आणि घरातही नियमानं करणारं कुणी नाही, त्याच्यासाठी साधी बरी. हा निर्णय शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घाईत घेऊ नका.

काटेकोर

आणि धोके? सगळे फायदेच लिहितायत असं वाटायला लागलंय.

ओंजळ

धोके आहेत, आणि ते लपवणाऱ्या माणसाकडून शस्त्रक्रिया करून घेऊ नका. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता शंभरात एक-दोन अशी साधारण सांगतात, आणि त्यातल्या काहींना कायमचं नुकसान होतं. जंतुसंसर्ग त्याहून जास्त वेळा होतो. तो औषधानं आटोक्यात आला नाही तर यंत्राचा भाग किंवा सगळंच काढावं लागतं, आणि मधल्या काळात डिस्टोनिया उफाळतो. मानेच्या जोरदार हालचालींमुळे तार तुटणं किंवा लीड सरकणं हेही आपल्या आजारात होतं. वाढत्या मुलांमध्ये तार कमी पडू नये म्हणून आधीच थोडी सैल ठेवतात.

विद्युतप्रवाहाचे स्वतःचे दुष्परिणाम वेगळे. जीभ जड होणं, बोलणं अस्पष्ट होणं, स्नायू ओढले जाणं, आणि काहींना आश्चर्यकारक असा एक: हात-पाय मंद होणं, पावलं जमिनीला चिकटल्यासारखी अडखळणं. सेटिंग बदलून हे बऱ्याचदा कमी होतं, पण कधी कधी तडजोड करावी लागते. मला बोलणं स्वच्छ ठेवून पाय थोडा वाकडा राहिलेला चालतो, म्हणून माझं सेटिंग तसं ठेवलं आहे. दुसरा कुणी उलट निवडेल. ही निवड रुग्णाची असते, हे डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

म्हणूनच केंद्र निवडताना 'किती शस्त्रक्रिया केल्या' याबरोबर 'नंतर प्रोग्रॅमिंग कोण करणार, किती वेळा करणार, त्यांना डिस्टोनियाचा अनुभव किती' हे विचारा. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न आहे. लीड उत्तम बसली असेल तरी प्रोग्रॅमिंग करणारा धीर धरणारा नसेल तर फायदा अर्धवट राहतो. सेटिंग बदलल्यावर परिणाम दिसायला आठवडे लागतात, त्यामुळे रोज उठून बदलत राहिलं तर काय लागू पडलं हेच कळत नाही. आणि वर्षभर नीट प्रयत्न करूनही फरक नसेल तर लीड नेमकी कुठे आहे हे स्कॅन करून पाहायला सांगा. जागा थोडी चुकलेली असली तर दुरुस्त करता येते.

निळाई

मनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. डिस्टोनियाच्या रुग्णांत नैराश्य आणि चिंता शस्त्रक्रियेआधीपासूनच जास्त प्रमाणात असतात. ते आजाराचाच भाग मानून उपचार करायला हवेत. शस्त्रक्रियेआधी मानसतज्ज्ञांकडे पाठवतात तेव्हा 'मला वेडी समजतात का' असं वाटू शकतं. तसं नसतं. मन सांभाळलेलं असलं तर पुढचं लांबलचक वर्ष झेपतं. जीव देण्याचे विचार येत असतील तर ते त्याच टीमला लगेच सांगा, सेटिंगच्या भेटीपर्यंत थांबू नका.

आणि शरीर सुधारल्यावर घरातल्यांच्या अपेक्षा एकदम बदलतात. 'आता बरी झालीस ना?' असं म्हणून कालपर्यंतची मदत काढून घेतात. मला ते फार जड गेलं.

रानवारा

विल्सनच्या तपासण्या नॉर्मल आल्या. जनुकाचा अहवालही आला, डीवायटी१ आहे. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रियेचं ठरवतोय. एक शेवटचं विचारतो: सध्याच्या गोळ्या, ट्रायहेक्सीफेनिडिल आणि बॅक्लोफेन, शस्त्रक्रियेनंतर लगेच बंद होतील का? आणि पुढे शाळेची सहल, विमानप्रवास, दात, एमआरआय, याचं काय?

ओंजळ

गोळ्या लगेच बंद करायच्या नाहीत. बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर आकडी येण्याचा, भास होण्याचा आणि डिस्टोनिया उफाळण्याचा धोका असतो. ट्रायहेक्सीफेनिडिलही हळूहळूच कमी करतात. डीबीएसचा परिणाम जसजसा येतो तसतसं डॉक्टर मात्रा उतरवतात. पुष्कळ मुलांच्या गोळ्या बऱ्याच कमी होतात, आणि अभ्यासात लक्ष लागण्याच्या दृष्टीनं तो मोठा फायदा असतो, कारण ट्रायहेक्सीफेनिडिलनं स्मरणशक्ती मंदावते.

यंत्राचं ओळखपत्र मुलीच्या दप्तरात आणि तुमच्या पाकिटात, दोन्हीकडे ठेवा. विमानतळावर ते दाखवून हातानं तपासणी करायला सांगा, दारातून जावंच लागलं तर मध्ये न थांबता जायचं आणि हातातला डिटेक्टर यंत्रावर धरू द्यायचा नाही. सहलीला चार्जर आणि हँडसेट बरोबर द्या. शिक्षकांना यंत्र सुरू आहे का हे पाहायला शिकवून ठेवा.

दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा. साधी कामं होतात. पुढे कोणतीही शस्त्रक्रिया करायची झाली तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा. रक्त थांबवण्यासाठी बायपोलर कॉटरी वापरायची असते, यंत्र तेवढ्यापुरतं बंद करावं लागतं, आणि ते पुन्हा सुरू केलं की नाही हे तुम्ही हँडसेटवर स्वतः पाहायचं. सीटी स्कॅन चालतो. एमआरआय यंत्राच्या मॉडेलवर अवलंबून असतो. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत ठरावीक अटींवर करता येतो, पण कुठल्या क्षमतेच्या मशीनमध्ये, शरीराच्या कुठल्या भागाचा आणि कोणत्या सेटिंगवर, हे उत्पादकाच्या सूचनेनुसारच. त्यामुळे आत्ताच, शस्त्रक्रियेआधी, 'हे यंत्र कोणत्या अटींवर एमआरआयला चालतं?' हे विचारून लेखी घ्या आणि मॉडेलचा नंबर फाईलमध्ये पहिल्या पानावर लावा. शस्त्रक्रियेच्या आधी तिच्या चालण्याचा, लिहिण्याचा आणि बसण्याचा व्हिडिओही काढून ठेवा. सहा महिन्यांनी फरक पडलाय की नाही हे प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला त्यावरून नेमकं सांगता येतं.